सर्व्हिस डॉगसाठी पिल्लू कसं पारखायचं: ताट पडल्यानंतरचे तीस सेकंद

आमच्या आत्याला चाळिशीनंतर ऐकू येणं कमी होत गेलं, आता कानाचं मशीन लावलं तरी दाराची बेल, कुकरची शिट्टी, मागून येणारा टेम्पो यातलं काही तिला धड कळत नाही, आणि ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यात वरच्या मजल्यावर ती एकटीच राहते. आवाज ऐकून तिला येऊन सांगणारा कुत्रा आपल्याला घरच्या घरी तयार करता येईल का, एवढ्या एका प्रश्नामुळे मी यात पडले. पहिलं पिल्लू मी चुकीचं निवडलं. वेतात सात पिल्लं होती, त्यातलं एक सगळ्यांच्या आधी धावत आलं, माझ्या ओढणीला लटकलं, बाकीच्यांना ढकलून मांडीवर चढलं आणि मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं की हेच. दहा महिन्यांचा झाला तोवर तो खार दिसली की सुटायचा, सायकल दिसली की सुटायचा, एक दिवस जिन्यात त्याने आत्याला असं ओढलं की तिचं मनगट मुरगळलं, महिनाभर बँडेज. आता तो माझ्याकडे आहे, घरभर लाडका आहे, पण आत्याचा मदतनीस तो होणार नव्हता, आणि ते मला पहिल्याच दिवशी दिसायला हवं होतं, सगळं समोरच होतं, मी भलतंच बघत होते.

त्यानंतर आत्याचं दुसरं पिल्लू मिळेपर्यंत मी पाच वेतं नीट बसून पारखली, पुढे ग्वाल्हेरातल्या ओळखीच्या लोकांसाठीही जाऊन बसले. जे पहिल्यांदाच करतायत त्यांच्यासाठी हे लिहितेय. एक गोष्ट आधीच सांगते कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं: पिल्लू घाबरतं की नाही हे बघायचं नाहीये. घाबरल्यावर किती वेळात सावरतं, आणि सावरताना माणसाकडे येतं का, हे बघायचंय.

आधी काम ठरवा

सर्व्हिस डॉग म्हणजे एका ठराविक माणसाच्या अडचणीसाठी ठराविक कामं शिकलेला कुत्रा. दिसत नसलेल्या माणसाला रस्ता दाखवणारा, ऐकू न येणाऱ्याला आवाज सांगणारा, व्हीलचेअरवरच्या माणसाची पडलेली वस्तू उचलून देणारा, शुगर खाली गेली की वासावरून ओळखून नाक लावणारा, फिट आल्यावर जवळ थांबून घरच्यांना बोलावणारा, सगळे यातच येतात. हॉस्पिटलात पेशंटना भेटायला नेतात तो थेरपी डॉग वेगळा, त्याला सगळ्यांशी गोड वागायचं असतं, सर्व्हिस डॉगला मात्र एकाच माणसाकडे लक्ष ठेवून बाकी जगाकडे काणाडोळा करता आला पाहिजे.

कामाप्रमाणे पिल्लू बदलतं. आवाज सांगायच्या कामाला लहान किंवा मध्यम आकाराचं, चुळबुळं, आवाज आला की "काय आहे ते बघू" म्हणणारं पिल्लू चांगलं, आणि जिने चढायचे असतील, सांभाळणारा माणूस साठीचा असेल तर लहान आकार उलट फायद्याचाच. रस्ता दाखवायला मोठा, संथ, विचार करून पाऊल टाकणारा हवा. कुत्र्याच्या आधाराने उठायचं असेल तर वजनदार हवा, पण त्याची हाडं पूर्ण भरेपर्यंत, म्हणजे साधारण दीड-दोन वर्षं, त्याच्यावर अजिबात भार टाकायचा नाही, पिल्लाला तर नाहीच नाही.

इथले लोक हमखास विचारतात की टेकनपूर जवळच आहे, तिथल्यासारखा कुत्रा मिळाला तर? झाशी रोडवर टेकनपूरला बीएसएफचं कुत्र्यांचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, मुधोळ आणि रामपूर हाउंडसारख्या आपल्या जातींवरही तिथे काम होतं, तिथे तयार झालेल्या रिया नावाच्या मुधोळ हाउंडने २०२४ मध्ये लखनौच्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये परदेशी जातींना मागे टाकून पहिला नंबर काढला, मला त्याचा फार अभिमान आहे. पण स्फोटकं शोधणाऱ्या किंवा माग काढणाऱ्या कुत्र्यात जी आग हवी असते, बॉल दिसला की जग विसरणं, तासन्‌तास न थकणं, ती आग आत्याच्या दोन खोल्यांत कुठे ठेवायची? माझं पहिलं पिल्लू तसंच होतं. एखाद्या फोर्सच्या ट्रेनरला ते आवडलं असतं.

आणि उन्हाचा विचार करा. आपल्याकडे मे-जूनमध्ये पारा ४५ च्या वर जातो, हस्की किंवा सेंट बर्नार्ड घेऊन त्याला सर्व्हिस डॉग करायचं म्हणजे वर्षातले चार महिने तो एसीत आणि तुम्ही एकटे बाहेर. लॅब्रॅडॉर, गोल्डन, कॉकर, पूडल यांची पिल्लं लोक घेतात कारण पिढ्यानपिढ्या माणसाबरोबर काम करायला ती पैदास झालीये. देशी पिल्लूही चालतं, उन्हाला टिकतं, चलाख असतं, फक्त अनोळखी माणूस आणि आवाजाच्या टेस्टमध्ये त्याला जास्त बारकाईने बघा, कारण बऱ्याच देशी कुत्र्यांत राखणीचा स्वभाव वयात येताना वर येतो.

पिल्लाच्या आधी त्याची आई बघा

हे मी सगळ्यात ठासून सांगेन. पिल्लांच्या खोलीत जायच्या आधी आईला भेटा, पिल्लं बाजूला ठेवून, तिच्या मालकाबरोबर, अंगणात. तुम्ही आत आल्यावर दोन मिनिटांत ती मोकळी होते का? भुंकली तर भुंकू दे, घर तिचं आहे, पण मालकाने "अगं पाव्हणे आहेत" म्हटल्यावर येऊन वास घेते का? सतत गुरगुरणारी, कोपऱ्यात दबून बसलेली किंवा हात उचलला की अंग चोरणारी आई असेल तर पिल्लं कितीही गोजिरी असोत, मी उठून येते. भित्रेपणा रक्तातून येतो आणि आईला बघून पिल्लं तो शिकतातही, दोन्हीकडून मार बसतो. बाप बघायला मिळाला तर उत्तम. "आई गावी आहे", "आई आजारी आहे" असं दोनदा ऐकलंत की समजून जा.

पिल्लं कुठे वाढलीयत ते बघा. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ म्हणजे पिल्लाच्या डोक्याची दारं उघडी असण्याचा काळ, या दिवसांत जे बघितलं, हुंगलं, ऐकलं ते त्याच्यासाठी "नेहमीचं" होतं आणि जे नाही बघितलं ते जन्मभर "हे काय नवीन" राहू शकतं. गच्चीवरच्या पिंजऱ्यात वाढलेलं पिल्लू आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मिक्सर, भांडी, पोरांची भांडणं ऐकत वाढलेलं पिल्लू यांची टेस्ट एकाच दिवशी घेतली तरी ती एक टेस्ट नसते.

कागदपत्रांचं थोडक्यात: २०१७ च्या डॉग ब्रीडिंग अँड मार्केटिंग नियमांप्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. तीस दिवसांचं पिल्लू "आत्ताच न्या, नंतर मिळणार नाही" म्हणणाऱ्याकडून घेऊच नका, भावंडांत आणि आईपाशी आठ आठवडे काढलेलं पिल्लू चावा किती जोरात घ्यायचा हेच तिथे शिकून येतं. केसीआयचे, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचे, पेपर असले तर घराणं कळतं, स्वभाव नाही. मोठ्या जातीचं घेत असाल तर आईबापांच्या कंबरेच्या सांध्याचे एक्स-रे दाखवा म्हणा, कारण दोन वर्षं शिकवून कुत्रा तयार झाला आणि सांधा गेला तर त्याचं आणि तुमचं दोघांचं हाल होतात.

कधी, कुठे, कोणी

दिवस मोजून ठेवा. सात आठवडे, म्हणजे एकोणपन्नासाव्या दिवसाच्या आसपास टेस्ट घेतात. त्याआधी पिल्लू अजून कच्चं असतं, आणि आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास बऱ्याच पिल्लांना भीतीचा एक काळ येतो, तेव्हा बसलेला धक्का खोल जातो, म्हणून त्या दिवसांत मुद्दाम ताटं आपटायची नाहीत. सातव्या आठवड्यात टेस्ट, आठ पूर्ण झाल्यावर घरी, असं बसवा.

सकाळची वेळ घ्या, पिल्लं झोपून उठलेली, शी-शू झालेली, पोट तट्ट भरलेलं नाही. लस दिल्याच्या किंवा जंताचं औषध पाजल्याच्या दिवशी टेस्ट घेऊ नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या. आणि एकाच दिवशी दोन ठिकाणची पिल्लं बघायला जाऊ नका! पार्व्हो हा पिल्लांना मारणारा विषाणू आपल्या बुटांवरून जातो, जमिनीवर महिनोन्‌महिने जिवंत राहतो, एका घरची पिल्लं हाताळून तुम्ही दुसऱ्या घरी गेलात तर आख्खं वेत मारून येऊ शकता. धुतलेले कपडे, बूट बाहेर, हात साबणाने, हे न सांगता करा.

जागा पिल्लाने आधी न बघितलेली हवी, शेजारची रिकामी खोली चालेल, आईचा आणि भावंडांचा आवाज कमी येईल अशी. टेस्ट घेणारा माणूसही पिल्लाला अनोळखी हवा. ब्रीडर किंवा घरमालक आत थांबले तर कोपऱ्यात, गप्प, पिल्लाकडे न बघता, नाहीतर ते प्रेमापोटी चुचकारतात आणि सगळं बिघडतं. एक जण टेस्ट घेईल, एक जण मोबाईलवर व्हिडिओ काढेल, एक जण वहीत लिहील. व्हिडिओ काढाच, मला त्या दिवशी जे दिसलं नाही ते रात्री व्हिडिओत दिसलंय असं कितीदा तरी झालंय. पिल्लं एका रंगाची असतील तर गळ्यात वेगवेगळ्या रंगाची लोकर बांधा.

सामान घरातलंच: स्टीलचं ताट आणि पळी, छत्री, दोरी बांधलेला नॅपकिन, कागदाचा बोळा, एक वाटी, थोडं उकडलेलं चिकन किंवा पनीर, पिठाची मोठी चाळणी किंवा पत्र्याचा तुकडा, पुसायचं फडकं. मधे कोणी शू केली तर पुढच्या पिल्लाच्या आधी नीट पुसा, नाहीतर ते सगळा वेळ हुंगण्यातच घालवतं.

एकेक करून

मी जी टेस्ट घेते तिचा सांगाडा व्होल्हार्ड टेस्टचा आहे, अमेरिकेतल्या जॅक आणि वेंडी व्होल्हार्ड यांनी बसवलेली, दहा छोट्या परीक्षा आणि प्रत्येकीला १ ते ६ असे मार्क. मी त्यात दोन-तीन गोष्टी वाढवल्यात.

पिल्लू खोलीच्या मधोमध ठेवा आणि एक मिनिट काहीच करू नका. लोकांना हे जड जातं, हात आपोआप पुढे होतो. बघा की ते उभं राहून आधी खोली बघतं का, मग चालायला लागतं का, तुमच्याकडे एकदा तरी येऊन जातं का. मग चार पावलं लांब उकिडवे बसा आणि हलकेच टाळ्या वाजवून बोलवा. शेपटी वर ठेवून धडक देत येऊन हात चावणारं, आनंदाने शेपूट हलवत येणारं, थोडं थांबून विचार करून येणारं, न येणारं, चार प्रकार चार स्वभाव. मधले दोन आपल्या कामाचे. नंतर उठून चालायला लागा, पायात न घुटमळता मागे मागे येतं का बघा. ज्याला तुमच्या मागे यावंसं वाटतं त्याला पुढे पट्टा म्हणजे शिक्षा वाटत नाही.

मग त्याला अलगद पाठीवर झोपवून छातीवर हात ठेवून तीस सेकंद धरा. जुन्या पद्धतीत याला डॉमिनन्सची टेस्ट म्हणायचे, मला ते नाव पटत नाही, सात आठवड्यांच्या बाळाला तुमच्यावर राज्य करायचं नसतं. यात एवढंच दिसतं की मनाविरुद्ध धरलं तर ते काय करतं. थोडी धडपड करून, मग हुश्श करून सैल पडणारं आणि तुमच्या डोळ्यांकडे बघणारं पिल्लू उत्तम. तीस सेकंद शेवटपर्यंत किंचाळत चावत राहिलं तर नको, आणि धरल्या क्षणी लाकडासारखं ताठ झालं तर त्याहून नको. सोडल्यावर पाठीवरून हात फिरवा, रागावून निघून जातं की येऊन चिकटतं? माफ करून परत येणं हा सर्व्हिस डॉगचा फार मोठा गुण आहे कारण आजारी माणसाचा पाय त्याच्या शेपटीवर पडणार, व्हीलचेअर लागणार, लहान मूल कान ओढणार. यानंतर छातीखाली दोन्ही हातांची बोटं गुंफून जमिनीपासून थोडंसं वर उचला, तीस सेकंद, डॉक्टरच्या टेबलावर ते कसं वागेल याची झलक इथे मिळते.

कागदाचा बोळा त्याच्यासमोर हलवून चार-पाच फुटांवर फेका. या परीक्षेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. १९४० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या गाइड डॉग शाळेत क्लॅरेन्स फाफेनबर्गर पिल्लांच्या टेस्ट घ्यायला लागले तेव्हा त्यांना हे दिसलं की फेकलेली वस्तू उचलून माणसाकडे आणावीशी वाटणारी पिल्लं पुढे कामाला चांगली लागतात, आणि ट्रेनर लोक आजही या खेळाकडे डोळ्यात तेल घालून बघतात. बोळ्यामागे धावणं सोपं आहे, ते बहुतेक पिल्लं करतात. उचलून पळून जाणारं पिल्लू खेळकर आहे, पण एकटं खेळणारं आहे. उचलून, दोन पावलं भरकटून, तुमच्याकडे वळणारं पिल्लू म्हणतंय की हे मला तुमच्याबरोबर करायचंय, आणि पडलेली किल्ली उचलून देण्यापासून बेल वाजल्यावर येऊन नाक लावण्यापर्यंत सगळी कामं याच एका इच्छेवर उभी राहतात. तीनदा फेका, एकदाच नाही.

पुढच्या पायाच्या बोटांमधली कातडी बोटाच्या पेराने, नखाने नाही, हळू दाबायला लागा आणि मनात एक ते दहा मोजा, पिल्लाने पाय ओढला की तत्क्षणी सोडा. दोनला ओढलं तर फार हळवं, सात-आठपर्यंत शांत असेल तर अंगाला लागलेलं मनावर घेणारं नाही. ऑटिझम असलेल्या मुलासाठी पिल्लू बघत असाल तर हा आकडा वहीत ठळक लिहा.

नॅपकिन दोरीने सरपटवत न्या, पाठलाग करून फाडायलाच लागलं तर पुढे मांजर आणि खारींमागे ओढणार, कुतूहलाने जाऊन हुंगलं तर छान. पाच फुटांवर छत्री उघडून जमिनीवर ठेवा. चाळणीवरून, पत्र्यावरून चालवून बघा, पायाखाली वाजलं की मागे सरकतं आणि परत पाय टाकून बघतं का. मग पनीरचा तुकडा दाखवून उलट्या वाटीखाली ठेवा: नाकाने, पंजाने खटपट करून मग तुमच्याकडे "हे काढा ना" अशा नजरेने बघणारं पिल्लू मला फार आवडतं, खटपटही हवी आणि मदत मागणंही हवं.

ताट

ताट मी शेवटी ठेवते. पिल्लू दुसरीकडे बघत असताना, त्याच्यापासून सहा-सात फूट लांब, स्टीलचं ताट गुडघ्याच्या उंचीवरून फरशीवर पाडायचं, अंगावर नाही, जवळ नाही. आणि घड्याळ चालू करायचं.

ग्वाल्हेरच्या मुरार भागात एका घरी कॉकर आणि देशी यांचं मिश्र वेत होतं, पाच पिल्लं, आत्या सोबत होती. पहिलं पिल्लू खाटेखाली गेलं आणि चिकन दाखवलं तरी तीन मिनिटं बाहेर आलं नाही. दुसरं ताटावर तुटून पडलं, भुंकत राहिलं, त्याला उचलून न्यावं लागलं. तिसऱ्याने मानही वळवली नाही, तेव्हा मी मागून कागद चुरगाळून, किल्ल्या वाजवून बघितलं कारण मान न वळवणं हे धैर्य नसून बहिरेपणाही असू शकतो, त्याला ऐकू येत होतं, त्याला फक्त पडलेलं नव्हतं, आवाज सांगायच्या कामाला तेही उपयोगाचं नाही. चौथी एक तपकिरी मादी. ताट पडलं तशी ती पोट जमिनीला लावून चपटी झाली, कान मागे, दोन पावलं पळाली, थांबली. ताट अजून गरगरत होतं, आवाज बारीक होत होत चाललेला. तिने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत ताटाकडे, मग सरळ न येता वळसा घालून, मान लांब करून ताटाच्या कडेपाशी आली, हुंगलं, शिंकली, आणि येऊन माझ्या पायाच्या अंगठ्यावर हनुवटी टेकवली. नऊ सेकंद.

आत्या दाराकडे तोंड करून बसली होती, तिला ताट दिसलंच नव्हतं. तिने मला विचारलं, "काही पडलं का गं?"

मी मान हलवली. म्हटलं तुला कसं कळलं.

"ही बघ ना कशी करतेय," आत्या म्हणाली.

तीच घरी आली. गणपतीचे दिवस होते म्हणून गौरी.

मार्क कसे वाचायचे

१ म्हणजे अती जोरकस, ६ म्हणजे कशातच रस नाही किंवा पूर्ण मिटलेलं, आणि मधले आकडे मधले. बहुतेक ३, थोडे ४, असं पिल्लू सर्व्हिस डॉगसाठी बघा. १ आणि २ चा ढीग असेल तर नवख्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये, अनुभवी ट्रेनरकडे ते सोनं ठरेल. ५ आणि ६ आवाज, छत्री आणि अनोळखी माणूस या तिन्हींत आले तर कितीही कळवळा आला तरी कामासाठी घेऊ नका, त्याला बाड्यावरच्या, म्हणजे आमच्या इथल्या भर बाजारातल्या गर्दीत, वरातीच्या डीजेत उभं करणं म्हणजे रोज छळ आहे. त्याला एखादं शांत घर शोधून द्या, मी दोन पिल्लांसाठी शोधलंय. सरासरी काढू नका, एक आकडा दुसऱ्याला झाकतो. मी आकड्याशेजारी सेकंद लिहिते आणि आकड्यांपेक्षा सेकंदांवर जास्त विश्वास ठेवते.

शांत पिल्लू आणि गोठलेलं पिल्लू

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. धडाकेबाज पिल्लू नको असं ऐकून लोक सगळ्यात गप्प पिल्लू उचलतात, "किती शांत आहे बघा, मांडीवर हललं पण नाही." शांत पिल्लाचं अंग मऊ असतं, वजन तुमच्या हातात सोडलेलं असतं, डोळ्यांची उघडझाप होते, चिकन दिलं तर खातं, थोड्या वेळाने उठून काहीतरी हुंगायला जातं. घाबरून गोठलेल्या पिल्लाचं अंग घट्ट असतं, शेपूट पोटाखाली, डोळ्याचा पांढरा भाग कडेने दिसतो, झोप नसताना जांभया देतं, ओठ चाटतं, एक पंजा वर धरून ठेवतं आणि आवडीचं खाणंही नाकारतं. हात छातीवर ठेवला तर धडधड कळते. खाणं हे माझं पक्कं माप आहे: भूक आहे आणि तरी खात नाही, म्हणजे आत काहीतरी फार चाललंय. आजारी पिल्लूही गप्प असतं, म्हणून नाक-डोळे, शी, हिरड्यांचा रंग बघा आणि शंका आली तर आधी डॉक्टर.

परत जा

एका भेटीत ठरवू नका. तीन-चार दिवसांनी त्याच वेळी, दुसऱ्या खोलीत, शक्य तर दुसऱ्या माणसाकडून परत घ्या, ताट सोडून, तेवढ्या दिवसांत भीतीचा काळ सुरू झालेला असू शकतो, ताटाऐवजी फोन उशीखाली ठेवून वाजवा. पहिल्या दिवशी दबलेलं पिल्लू दुसऱ्या दिवशी खुलतं, पहिल्या दिवशी गाजलेलं कधी कधी नुसतं भुकेलेलं निघतं. दोन्ही वह्यांत जे सारखं आलं तेवढंच खरं धरा.

आणि या सगळ्याची मर्यादा माहीत असू द्या. सातव्या आठवड्यातली टेस्ट म्हणजे पत्रिका नाही. सहा महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत कुत्रा वयात येतो, भीती परत डोकं वर काढते, सगळ्यांशी मैत्री असलेली पिल्लं अचानक अनोळख्यांवर भुंकायला लागतात. परदेशातल्या मोठ्या संस्थांतही, निवडून पैदास केलेली आणि तज्ज्ञांनी वाढवलेली पिल्लं सगळी शेवटपर्यंत पोचत नाहीत, बरीचशी मधेच वेगळ्या कामाला किंवा घरी जातात. टेस्टचा खरा उपयोग नको ती पिल्लं बाजूला काढण्यात आहे. म्हणून पिल्लू आणायच्या आधीच घरात बसून ठरवा की हे कामाला नाही लागलं तर कुठे राहील. आमचं तेव्हा ठरलेलं नव्हतं आणि आत्या मनगटाला बँडेज बांधून दोन दिवस रडत होती, दुखण्याने नाही, त्याला परत द्यावं लागेल म्हणून. ज्यांना दीड-दोन वर्षं थांबणं किंवा हा जुगार झेपणार नाही त्यांनी वर्ष-दीड वर्षाचा, स्वभाव बसलेला कुत्रा पारखावा, त्यात कमी गोंडसपणा आहे पण जे दिसतं ते बऱ्यापैकी टिकतं.

घरी आल्यावर पहिले चार आठवडे

लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची बाराव्या आठवड्याच्या सुमारास, तारखा तुमच्या डॉक्टरकडून पक्क्या करा. पण लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवलं तर तीच उघडी दारं बंद होऊन जातात. उपाय सोपा आहे, जमिनीवर ठेवायचं नाही, कडेवर घ्यायचं. आम्ही गौरीला सुती पिशवीत छातीशी धरून संध्याकाळी बाड्यावर न्यायचो, टेम्पो, ई-रिक्षा, फुगेवाले, देवळाची घंटा, सगळं लांबून, दहा मिनिटं, पनीर खात खात, आणि खाणं थांबलं की लगेच घरी. मेळ्याच्या गर्दीत या वयात नेऊ नका, तिथला गोंगाट मोठ्यांनाही सोसत नाही. उन्हाळ्यात पुढे चालवायला लागाल तेव्हा हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा, तुम्हाला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही नाही. दुकानात, बँकेत, रिक्षात आत घेतीलच असं धरून चालू नका, आधी जाऊन विचारून या, पिल्लू दारात उभं करून वाद घातला की ते तुमचा आवाज चढलेलाच लक्षात ठेवतं.

बाराव्या आठवड्यात, भीतीचा तो काळ ओसरला असेल तर, घरच्या फरशीवर ताट परत एकदा पाडा, त्याच उंचीवरून, आणि सेकंद जुन्या वहीतच लिहा. आकडा कमी झाला असेल किंवा तेवढाच असेल तर आवाजाचं शिक्षण सुरू करा: एकच आवाज, आमच्याकडे दाराची बेल, एक जण वाजवणार, दुसरा, म्हणजे ज्याला आवाज सांगायचाय तो माणूस, पिल्लू जवळ आलं की त्याला खाऊ देणार. आकडा दुप्पट झाला असेल तर महिनाभर काहीही शिकवू नका, भांड्यांचे आवाज अगदी बारीक, लांबून, जेवणाच्या वेळी ऐकवा आणि सोळाव्या आठवड्यात पुन्हा मोजा. गौरीच्या पानावर लिहिलंय: सात आठवडे, नऊ सेकंद. बारा आठवडे, चार सेकंद, आणि पुढे आत्याच्या अक्षरात, माझ्याकडे आली, ताटाकडे गेलीच नाही.